विश्लेषण : शनिवारी दप्तर घरी, मग शाळेत शिकायचे काय?

राज्यातील पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू झाला. मार्च २०२४ मध्ये तसा शासन निर्णय निघाला. भंडारा जिल्ह्यातील सातही तालुक्यांतल्या शाळांना तो लागू आहे. मात्र ‘दप्तर नाही म्हणजे खेळ’ एवढाच अर्थ घेतला, तर त्यातले महत्त्वाचे निसटते.

निर्णयात काय आहे?

योग, श्वसनाची तंत्रे, आरोग्य, रस्ता सुरक्षा, पैशांचे व्यवहार, आपत्ती व्यवस्थापन, समस्या सोडवणे आणि नातेसंबंध हाताळणे. यातले शेवटचे दोन विषय सर्वांत अवघड. श्वास कसा घ्यावा हे दाखवता येते. अबोला धरलेल्या मित्राशी पुन्हा कसे बोलावे, हे फळ्यावर लिहून येत नाही.

मग ते येते कसे?

मुलांवर खरे काम आणि खरा निर्णय सोपवल्यावर. शालेय मंत्रिमंडळ आपल्याकडे जुनेच. पण गुरुजींनी हुशार मुलाला मुख्यमंत्री नेमले, की बाकीचे टाळ्या वाजवायला उरतात. गुप्त मतदान घेतले, हरलेल्यालाही एखादे खाते दिले, तर हरणे पचवणे आणि विरोधकासोबत काम करणे दोन्ही घडते. पोषण आहार वाढायला कोण, झाडू कोणाच्या हाती, हेही मुलांनीच पाळीने ठरवावे. झाडू दरवेळी मुलींकडेच जात असेल, तर त्यावर वर्गात बोलणे हाच त्या दिवसाचा तास.

बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुरू होऊन पुढे राज्यभर गेलेला ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रमही उपदेशापेक्षा जोडीने आणि गटाने चर्चा करण्यावर भर देतो.

आपत्ती व्यवस्थापनासाठी तर भंडाऱ्यात उदाहरण शोधावे लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने शहर आणि नदीकाठची गावे वेढली होती. पाणी चढू लागले तर आधी काय हलवायचे? आजी, जनावरे, धान्य की कागदपत्रे? गटाने मिळून एकच यादी करायची. वाद होणारच, आणि तो मिटवताना ऐकून घेणे, माघार घेणे शिकता येते.

अडचण कुठे आहे?

दोन शिक्षकांच्या शाळेत चार-पाच वर्ग एकत्र बसतात. अशा उपक्रमाला ते उलट सोयीचे. मोठी मुले लहानांना सांभाळून घेतात. खरी अडचण नोंदींची. उपक्रमाचा फोटो पाठवला की काम झाले असे मानले जाते. प्रगतिपुस्तकात ‘इतरांना मदत करतो’ हे वाक्य साऱ्या वर्गाच्या नावापुढे एकसारखे दिसले, तर त्यातून पालकाला काय कळणार?

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शनिवारी मुलांनी स्वतः काय ठरवले, हे समितीच्या बैठकीत त्यांना विचारता येते.