पडद्याच्या पाठीवरचा क्रमांक

लॅपटॉपचा पडदा फुटतो तेव्हा बहुधा त्याचा आवाज होत नाही. वरच्या पृष्ठभागावरून बोट फिरविले तर तो सर्वत्र गुळगुळीत व अखंड लागतो, साधा ओरखडाही हातास जाणवत नाही, आणि तरीसुद्धा यंत्र सुरू करताच एका कोपऱ्यातून काळा डाग पसरलेला, त्याच्या कडेला जांभळट किनार उमटलेली आणि वरपासून खालपर्यंत रंगीत उभ्या रेषा ओढलेल्या दिसतात. हातास जे लागते ते केवळ वरचे प्लास्टिकचे पटल असते. भंगलेली काच त्याच्या आत असते. त्या काचेची दोन पातळ तावदाने एकमेकांवर ठेवलेली असतात, त्यांच्यामध्ये अवघ्या चारपाच मायक्रोमीटरांचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतके अंतर राखलेले असते, आणि त्या अंतरात द्रवस्फटिक भरलेले असतात. कळफलकावर विसरलेली पेन्सिल किंवा कानात घालायच्या तारेचे टोक मध्ये राहून झाकण मिटले गेले, की त्या एका बिंदूवर येणारा दाब ही रचना मोडण्यास पुरेसा होतो.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपचे नेमके असेच झाले होते. ती राहते ते धनज हे वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले गाव. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून तहसिलीचे काम कारंज्याला, जिल्ह्याच्या कचेरीचे वाशीमला आणि यंत्रांच्या मोठ्या दुरुस्तीचे अमरावतीला किंवा अकोल्याला, असा येथील माणसाचा वेळ तीन दिशांना वाटला गेला आहे. अशा गावातल्या घरात लॅपटॉप ही चैनीची वस्तू नव्हे. मुलीचा अभ्यासक्रम त्याच्यावर, सोयाबीनच्या पीकविम्याचा अर्ज त्याच्यावर, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून घ्यावयाचा तोही त्याच्यावरच. तो दुकानात ठेवून येणे म्हणजे हे सारे किती दिवस खोळंबेल याची कोणतीही हमी न घेता परतणे होय. म्हणून घरीच पडदा बदलण्याचा विचार मी मांडला आणि बहिणीने, थोड्याशा काळजीने का होईना, त्यास संमती दिली.

या कामात हत्यार उचलण्यापूर्वी निदान करावे लागते. पडदा काळा दिसला म्हणजे दोष पडद्याचाच आहे असे नाही. चित्र निर्माण करणारा मुख्य फलक बिघडला असेल तर नवा पडदा आणूनही उपयोग शून्य. म्हणून प्रथम एचडीएमआयची तार लावून लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडला. "मामा, टीव्हीवर तं सारं बराबर दिसते," भाची म्हणाली, "फक्त इथंच काळं येऊन राह्यलं." एवढ्या एका वाक्याने निम्मा निकाल लागला. पडदा सर्वस्वी अंधारा असता, तर बॅटरीचा झोत तिरपा टाकून आत पुसट चित्र दिसते काय हे पाहिले असते. तसे दिसल्यास चित्र शाबूत असून मागचा प्रकाश तेवढा गेला असे समजावे. येथे त्याची गरज पडली नाही.

पुढची पायरी मला साऱ्या कामात सर्वाधिक महत्त्वाची वाटते, आणि ती आहे वाचनाची. लॅपटॉपच्या नावावरून पडदा मागविणे धोक्याचे असते, कारण एकाच नावाच्या यंत्रात, एकाच वर्षी, कधी चिनी बीओईचा, कधी तैवानच्या इनोलक्स किंवा एयूओचा, तर कधी कोरियाच्या एलजीचा पडदा बसविलेला आढळतो. खरा दाखला पडद्याच्या पाठीवर चिकटविलेल्या कागदावर असतो, आणि तो वाचण्यासाठी यंत्र एकदा उघडणे भाग असते. त्या कागदावरील क्रमांकात कर्णाची लांबी, रेखीवपणा आणि जोडणीचा प्रकार यांचा सगळा तपशील सामावलेला असतो. आमच्या पडद्याचा कर्ण १५.६ इंचांचा, त्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ बिंदू, म्हणजे एकूण १०,४९,०८८. आणि प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा व निळा अशा तीन खणांचा असल्यामुळे ३१,४७,२६४ खणांचा तो पट होता. जोडणी ३० पिनांची होती. जास्त रेखीव पडद्यांना, विशेषतः वेगाने चित्र बदलणाऱ्यांना, ४० पिनांची जोडणी लागते. जुन्या लॅपटॉपांतही ४० पिना आढळतात, परंतु त्यांची संकेतपद्धती निराळी, आणि पिनांची संख्या जुळली एवढ्यावरून एकाचा पडदा दुसऱ्यास लावू जाणे म्हणजे दोन्हींच्या नाशास आमंत्रण देणे होय. पिनांबरोबरच जोडणीचे मुख पाठीवर डावीकडे आहे की उजवीकडे, बसविण्याचे कान वर-खाली आहेत की मुळीच नाहीत, आणि पृष्ठभाग चकचकीत आहे की मंद, हेही ताडून पाहिले. क्रमांकाचे छायाचित्र काढले, विक्रेत्यास पाठविले, आणि त्याने तोच क्रमांक उलट लिहून कळविल्यावरच चारपाच हजारांच्या घरातली ती रक्कम चुकती केली. नवा पडदा कुरियरने येईपर्यंत मुलीचा अभ्यास टीव्हीच्या पडद्यावर चालला.

दिवस सोयाबीनच्या मळणीचे होते. अशा दिवसांत वऱ्हाडातल्या गावी हवेत भुसकट तरंगत असते, आणि ज्यांच्या अंगणात कापूस येऊन पडला असेल त्यांच्या घरी त्याचे तंतूही. नव्या पडद्यावरच्या संरक्षक पापुद्र्याखाली असा एक तंतू शिरला तर तो यंत्राच्या आयुष्यभर डोळ्यांस खुपत राहतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या मिटल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली, मेजावर स्वच्छ धुतलेले पांढरे धोतर अंथरले, आणि अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून कामास बसण्यापूर्वी अंगणातल्या बोअरच्या लोखंडी पाइपाला हात लावून आलो.

प्रथम खालचे झाकण. बारीक तोंडाच्या पेचकसाने त्याचे स्क्रू काढावयाचे, आणि ते एका वाटीत न टाकता, कागदावर यंत्राची आकृती काढून ज्याचा त्याच्या जागी ठेवावयाचे, कारण त्यांच्या लांब्या सारख्या नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसविला तर तो पलीकडच्या फलकात घुसतो. हे काम भाऊजींनी आपण होऊन पत्करले. विहिरीवरच्या मोटारी उघडून-जोडून त्यांचे हात या शिस्तीस सरावलेले आहेत, आणि "ज्याचा त्याच्या जागी गेला पाह्यजे" एवढेच म्हणून त्यांनी प्रत्येक स्क्रूशेजारी पेन्सिलीने अंक घातला. झाकण उघडल्यावर बॅटरीची जोडणी सोडविली. हा नियम कधीही मोडू नये. मागच्या प्रकाशास वीज पुरविणारी वाट पडद्याच्या तारेतूनच जाते. ती चालू असताना तार हलविली आणि दोन पिना क्षणभर एकमेकींस भिडल्या, तर मुख्य फलकावरचा चिमुकला फ्यूज जळतो, आणि मग नवा पडदाही अंधाराच राहतो.

पडद्याभोवतीची काळी चौकट केवळ प्लास्टिकच्या आकड्यांवर बसलेली असते. खालच्या दोन कोपऱ्यांतील रबरी टिकल्या सुईने उचलल्या, त्यांच्या आड लपलेले स्क्रू काढले, आणि मग मुदत संपलेले एटीएम कार्ड फटीत सरकवून एकेक आकडा सोडविला. दर खेपेस कट् असा जो आवाज येतो, त्याने बहीण दचकत असे. तो मोडल्याचा नसून सुटल्याचा आवाज आहे, हे तिला दोनतीन आकड्यांनंतर पटले. बिजागरीपाशी मात्र हात सावकाश चालवावा लागतो, कारण चौकट तेथे दुमडलेली असते आणि जोर केला की खरोखरच चिरते.

चौकट निघाल्यावर पडदा वर दोन व खाली दोन अशा चार स्क्रूंनी धरलेला दिसला. हे पाहून मला मनापासून समाधान वाटले. अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत हे कानच नाहीसे झाले असून पडदा मागे दुहेरी चिकटपट्ट्यांनी डकविलेला असतो. त्यातही ज्या पट्ट्या टोक धरून ताणत नेल्या की आपोआप सुटतात त्या बऱ्या. पण साध्या डिंकाच्या असतील तर गरम हवा द्या, पाते घाला, आणि शाबूत पडदासुद्धा काढताना मोडण्याची तयारी ठेवा. यंत्राची जाडी एक मिलिमीटरभर कमी करण्यासाठी दुरुस्तीचा मार्गच बंद करणे मला अन्यायाचे वाटते. आणि त्याची झळ, जेथे कंपनीचे केंद्र हाकेच्या अंतरावर असते त्या शहरापेक्षा धनजसारख्या गावाला अधिक पोहोचते.

स्क्रू काढून पडदा कळफलकावर अंथरलेल्या फडक्यावर पालथा घातला. आता ती जोडणी समोर आली. तिच्यावरची पारदर्शक चिकटपट्टी नखाने उचलली, तारेची बारीक कडी उलटविली, आणि देव्हाऱ्याचा खण ओढावा तशी जोडणी पाठीशी समांतर, सरळ रेषेत बाहेर ओढली. ती वर उचलावयाची नसते; वर उचलणाऱ्याच्या हाती पिना येतात. भाचीने हे काम स्वतः करू द्या म्हणून हट्ट धरला होता, आणि तिची बोटे माझ्या बोटांहून बारीक असल्यामुळे ते तिच्याच हातून व्हावे हे रास्तच होते.

नवा पडदा लावला, पण स्क्रू न आवळता, नुसता टेकवून, बॅटरी जोडून यंत्र सुरू केले. संपूर्ण पांढरा, संपूर्ण काळा, मग तांबडा, हिरवा, निळा असे एकेक रंग भरून तिने कोपरा न् कोपरा तपासला. एखादा खण मेलेला असेल तर तो याच वेळी सापडतो, आणि पावती व मूळ वेष्टन हाती असेपर्यंतच पडदा परत करता येतो. खण सारे जिवंत होते. पुन्हा यंत्र बंद, पुन्हा बॅटरी विलग, आणि मग उलट्या क्रमाने सारी जुळणी. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. भाऊजींच्या कागदावरून स्क्रू एकेक करून आपल्या जागी गेले.

परंतु जुना पडदा आम्ही तसाच टाकून दिला नाही. भंगलेल्या काचेतून ओघळणारा द्रव हातास लागला तर साबणाने धुवावा लागतो, हे ध्यानात ठेवून जुने हातमोजे चढविले आणि तो थराथराने सोडविला. अगदी मागे शुभ्र परावर्तक कागद. त्यावर ॲक्रिलिकची स्वच्छ पाटी. तिच्या खालच्या कडेला पांढऱ्या एलईडींची ओळ. त्या पाटीवर अतिसूक्ष्म ठिपके छापलेले असून, एलईडींजवळ ते विरळ आणि दूरवर दाट होत जातात, जेणेकरून कडेने शिरलेला प्रकाश सर्वत्र सारखा बाहेर पडावा. हे एलईडी मुळात निळे. त्यांच्यावरील पिवळसर लेपामुळे पांढरे दिसतात, आणि त्या निळ्या प्रकाशासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पाटीवर प्रकाश पसरविणारे व एका दिशेस वळविणारे पातळ पापुद्रे, आणि सर्वांवर ती काच. काचेच्या दोन्ही अंगांस ध्रुवणाची पटले, एकमेकांशी काटकोनात. भाचीने दोन तुकडे सोलून एकावर एक धरले आणि फिरविले. एका स्थितीत पलीकडची खिडकी दिसली, पाव फेरा होताच सारे काळे झाले. या दोन पटलांमध्ये द्रवस्फटिक प्रकाशाची दिशा पाव फेरा वळवून त्यास वाट करून देतात, आणि विजेचा दाब येताच ताठ होऊन ती वाट बंद करतात. मागून निघालेल्या प्रकाशाचा दहावा हिस्सासुद्धा डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि तरीही आपण भर दुपारी त्यावर अक्षरे वाचतो.

हे द्रवस्फटिक १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास प्रथम आढळले. त्याच्याजवळचा एक पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांवर निवळला, अर्थात एकाच पदार्थाचे दोन वितळणबिंदू. या शास्त्रात आपल्या प्रदेशाचाही दुवा आहे, आणि तो भाचीस सांगताना मला विशेष आनंद झाला. शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील एम.एस्‌सी. पदवी घेतली आणि मग ते आपले मामा सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे बंगळूरला संशोधनास गेले. १९७७ मध्ये तेथील रामन संशोधन संस्थेत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवून दिले. तोवर केवळ काडीसारखे लांबट रेणूच असे वागतात अशी समजूत होती. पुढे तिरप्या कोनातूनही पडदा स्पष्ट दिसावा यासाठी जी पटले निघाली, त्यांत हेच चकतीसारखे रेणू वापरले गेले.

दुरुस्तीचा मार्ग बंद होण्याविषयी मी वर जे म्हटले, त्याकडे सरकारचेही लक्ष गेले आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ खुले केले. लेनोवो, डेल, एचपी या कंपन्या आपल्या अनेक यंत्रांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देतात, आणि त्या उघडून पाहणाऱ्यास स्क्रूची लांबीसुद्धा छापलेली सापडते. अडचण इतकीच, की त्या इंग्रजीत आहेत. मराठीत अशा पुस्तिका व्हाव्यात, आणि कारंज्याच्या औद्योगिक प्रशिक्षणाच्या वर्गांतून त्या शिकविल्या जाव्यात, ही माझी मागणी आहे. भाऊजींसारख्या माणसाच्या हातात कसब तयारच आहे, त्यास केवळ तपशील हवा आहे.

जुन्या पडद्याचे थर आम्ही कागदात गुंडाळून, फुटलेली काच वेगळी बांधून, खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार हा ऐवज नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच जावयास हवा, भंगारवाल्याच्या गाडीवर नव्हे. मी पुढच्या खेपेस अमरावतीला जाईन तेव्हा तो बरोबर नेणार आहे. ॲक्रिलिकची पाटी मात्र भाचीने मागून घेतली. शाळेतल्या मुलांना प्रकाश कसा पसरतो ते दाखवावयाचे म्हणते.