सोन्याच्या तीन पट्ट्या

मॉड्युलेटरची चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आधी नजरेत भरतं ते सोनं. मधे एक अरुंद पट्टी, तिच्या दोन्ही अंगांना दोन रुंद पट्ट्या, आणि त्यांच्यामधल्या दोन फटी केसापेक्षाही बारीक. प्रकाशाची वाट या फटींमध्ये असते. लिथियम नायोबेट हा स्फटिक पारदर्शक आणि त्यातली वाटही पारदर्शक, त्यामुळे नवख्याला बोट दाखवून सांगितलं तरी ती चटकन दिसत नाही. शोधनिबंधाच्या शीर्षकात मात्र नेहमी स्फटिकच असतो. प्रयोगशाळेच्या बाकावर बरीच वर्षं काढल्यानंतर माझं मत थोडं वेगळं झालंय. मॉड्युलेटर किती वेगाने चालेल हे त्या तीन पट्ट्या आणि त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर ठरवतात.

काम सांगायला सोपं आहे. लेसरचा अखंड प्रकाश चिपमध्ये शिरतो, दोन वाटांत विभागतो, दोन फटींमधून जातो आणि पुढे पुन्हा एकत्र येतो. मधल्या पट्टीवर व्होल्टेज दिलं की एका वाटेवरचा प्रकाश किंचित मागे पडतो, दुसरीवरचा किंचित पुढे जातो. दोन्ही अर्ध्या तरंगलांबीने चुकले की बाहेर अंधार, जुळले की उजेड. उजेडाकडून अंधाराकडे जायला जेवढं व्होल्टेज लागतं त्याला या धंद्यात सगळे ‘व्ही-पाय’ म्हणतात. लेसरच चालू-बंद केला तर हा खटाटोप वाचेल असं वाटतं, पण करंट बदलला की लेसरचा रंगही हलतो, आणि रंग हलला की लांबच्या फायबरमध्ये एक बिट दुसऱ्यात मिसळतो. मुंबईत वर्सोव्याला समुद्राखालून ज्या केबली येऊन लागतात, तसल्या अंतरासाठी लेसर स्थिर ठेवायचा आणि माहिती बाहेरून चढवायची हाच रस्ता आहे.

व्होल्टेजने स्फटिकातला प्रकाशाचा वेग बदलतो हे फ्रीड्रिख पॉकेल्सने १८९३ मध्ये अभ्यासून मांडलं. पण बदलतो किती? पंधरा मायक्रॉनच्या फटीवर पाच व्होल्ट दिले तर लिथियम नायोबेटचा अपवर्तनांक, जो मुळात २.१४ च्या आसपास असतो, तो जेमतेम ०.००००५ ने हलतो. एवढ्याशा बदलातून अर्धी तरंगलांबी गाठायची तर प्रकाशाला त्या विद्युतक्षेत्रात लांबवर चालवावं लागतं. म्हणून जुन्या पद्धतीच्या चिपवर सोन्याच्या पट्ट्या दोन-चार सेंटीमीटर लांब असतात. स्फटिकाचा प्रतिसाद इतका झटपट असतो की आपली इलेक्ट्रॉनिक उपकरणं त्याच्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत. खरी अडचण या लांबीतून सुरू होते.

प्रकाशाला चार सेंटीमीटर ओलांडायला साधारण तीनशे पिकोसेकंद लागतात. सेकंदाला ४० अब्ज बिटांच्या वेगाला एक बिट २५ पिकोसेकंदांचा. म्हणजे पहिला बिट पट्टीच्या शेवटी पोचतो तोवर त्याच्यामागे आणखी दहा-अकरा बिट त्याच पट्टीवर असतात. अशा वेळी या पट्ट्यांना, म्हणजे इलेक्ट्रोडला, नुसती तार समजून चालत नाही. ती वाहिनी होते. विद्युत लहर एका टोकाने शिरते आणि प्रकाशासोबत दुसऱ्या टोकाकडे जाते. निघालेल्या गाडीबरोबर फलाटावरून धावत खिडकीतून जेवणाचा डबा देणाऱ्या माणसाची जी कसरत, तीच या लहरीची. गाडीइतकाच वेग ठेवला तरच डबा हाती पोचतो.

आणि लिथियम नायोबेटमध्ये हे वेग मुळात जुळत नाहीत. प्रकाश रिकाम्या जागेतल्या वेगाच्या २.२ पट हळू जातो, तर साध्या पट्ट्यांवरची विद्युत लहर चार पटींहून अधिक हळू. चार सेंटीमीटरच्या चिपवर हा फरक तसाच सोडला तर बँडविड्थ पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आसपास संपते. १९७४ मध्ये श्मिट आणि कॅमिनाव यांनी टायटॅनियमचा पातळ थर स्फटिकात मुरवून प्रकाशाची चांगली वाट तयार करण्याची पद्धत दाखवली, पण त्या वाटेवर वेगाने बिट चढवायचे तर हा हिशेब आधी सोडवणं भाग होतं.

उपाय कागदावर सोपा आहे. लहर जड स्फटिकातून थोडी बाहेर काढायची. सोन्याच्या पट्ट्यांखाली सिलिकाचा थर द्यायचा आणि पट्ट्या जाड करायच्या. विद्युतक्षेत्राचा काही भाग सिलिकात, काही भाग पट्ट्यांच्या उंच भिंतींमधल्या हवेत जातो. लहर हलकी होते आणि प्रकाशाला गाठते. ही जाडी दहा-वीस मायक्रॉन असते. वीस मायक्रॉनचं सोनं एका बैठकीत वाफ करून बसवत नाहीत; फोटोरेझिस्टचा साचा उभा करून त्यात विजेच्या मुलाम्याने भरतात. साच्याची भिंत जरा कलली की पट्टी वर रुंद, खाली अरुंद होते, आणि लहरीचा वेग हिशेबाबाहेर जातो. कारखान्यातून आलेली चिप मी म्हणूनच आधी आडव्या छेदात पाहतो, वरून नंतर.

इथे विद्यार्थी हमखास विचारतात की वीज तर वरच्या कातडीतूनच वाहते, मग एवढं सोनं कशाला? प्रश्न रास्त आहे. १० गिगाहर्ट्झला करंट सोन्याच्या पाऊण मायक्रॉनात वाहतो, १०० गिगाहर्ट्झला पाव मायक्रॉनात. पण ती कातडी पट्टीच्या कडेच्या उभ्या भिंतींवरही असते. भिंत उंच तेवढी करंटला जागा जास्त, तोटा कमी. तोटा शून्य मात्र कधीच होत नाही. वारंवारता चौपट झाली की तो दुप्पट होतो. वेग अचूक जुळवलेल्या चिपवरही शेवटी हाच तोटा बँडविड्थ खातो. फट अरुंद केली तर व्ही-पाय उतरतो, पण तोटा वाढतो आणि वाहिनीचा रोध पन्नास ओहमच्या खाली सरकतो. एक माप हलवलं की तीन गोष्टी हलतात.

हे सगळं, वारंवारता वाढवत सिग्नल किती उरतो ते मोजणाऱ्या नेटवर्क अनॅलायझरच्या पडद्यावर एका उतरत्या रेषेत दिसतं, आणि ती रेषा वाचणं हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. प्रोबची तीन टोकं तीन पट्ट्यांवर उतरवायची. टेकल्यावर थोडं अजून दाबलं की टोकं सोन्यावर पुढे सरकतात आणि तीन बारीक ओरखडे उमटतात. ते सारखे दिसले तर तिन्ही टोकं नीट बसली. एक फिकट असेल तर प्रोब कलला आहे, पुढचं मोजमाप करूच नये. मग रेषा येते. ती गुळगुळीत उतरली तर तोटा फक्त सोन्याचा. तिच्यावर लाटा दिसल्या तर कुठेतरी लहर आपटून परत येते आहे, आणि लाटांमधलं अंतर नेमकं कुठे ते सांगतं. दोन सेंटीमीटरच्या इलेक्ट्रोडच्या शेवटचा रोधक जुळत नसेल तर लाटा सुमारे ३.४ गिगाहर्ट्झच्या अंतराने येतात. एकदा एक विद्यार्थी अशाच लाटा पाहून म्हणाला, “सर, चिप खराब आहे. दुसरी लावू का?” पडद्यावर दोन शिखरांत ३५० मेगाहर्ट्झ होते. म्हटलं, “आधी केबल बदल.” तीस सेंटीमीटरच्या केबलीच्या दोन टोकांत लहर येरझारा घालते तेव्हाच एवढं अंतर निघतं. केबल बदलली, लाटा गेल्या.

आता ड्रायव्हर. याच्याकडून मागण्या विचित्र असतात. काही दहा किलोहर्ट्झपासून काही दहा गिगाहर्ट्झपर्यंत सारखाच जोर द्यायचा, आणि तोही रेडिओतल्या अॅम्प्लिफायरसारखा एखाद्या पट्ट्यात नव्हे, अख्ख्या पल्ल्यात. खालच्या टोकाला कुचराई केली तर लांबलचक शून्यांच्या रांगेत सिग्नलची पातळी हळूहळू सरकते आणि आय डायग्राममधला, म्हणजे सगळे बिट एकावर एक चढवून काढलेल्या चित्रातला, डोळा जाड पापण्यांचा होतो. वरच्या टोकाला मात्र मुद्दाम थोडा उठाव ठेवतात, कारण इलेक्ट्रोड पुढे नेमकं तेच खाणार असतो. हा उठाव चिप ओळखून द्यावा लागतो. ड्रायव्हर एका गटाने आणि इलेक्ट्रोड दुसऱ्या गटाने, एकमेकांचं तोंड न पाहता बनवायचा प्रघात मला कधीच पटला नाही.

ताप तर विचारूच नका. पाच व्होल्टचा झोका पन्नास ओहममध्ये द्यायचा म्हणजे शेवटच्या रोधकातच सव्वाशे मिलिवॉट जळतात. ड्रायव्हर स्वतः त्याच्या कितीतरी पट खातो. हीच उष्णता शेजारच्या स्फटिकाला पोचते आणि मॉड्युलेटरचा कामाचा बिंदू, म्हणजे उजेड आणि अंधार यांमधली त्याची ठरलेली जागा, सरकवते. मग तो जागेवर ठेवायला वेगळं सर्किट, त्याचा सूक्ष्म कंप, बाहेर फोटोडायोड. व्होल्टेज १.४ वर आणलं तर रोधकातली शक्ती दहा मिलिवॉटच्याही खाली येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने उतरते.

१.४ हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०१८ मध्ये हार्वर्डच्या मार्को लोंचार यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये पातळ थराच्या लिथियम नायोबेटचा मॉड्युलेटर मांडला. जाड स्फटिकाऐवजी सिलिकावर चिकटवलेला त्याचा मायक्रॉनपेक्षाही पातळ पापुद्रा. प्रकाश त्यात घट्ट कोंडला जातो, म्हणून पट्ट्या त्याच्या अगदी जवळ आणता येतात, आणि वेगांची जुळणीही सोपी होते. २० मिलिमीटर लांबीला व्ही-पाय १.४ व्होल्ट, बँडविड्थ ४५ गिगाहर्ट्झ. ५ मिलिमीटरला १०० गिगाहर्ट्झ, पण व्ही-पाय ४.४ व्होल्ट. त्याच चिपघराण्यातली ही दोन भावंडं पाहिली की लांबी आणि व्होल्टेजचा जुना सौदा संपलेला नाही, फक्त भाव उतरला आहे, हे कळतं.

२०२१ मध्ये या सौद्यावर आणखी एक चांगली युक्ती आली. पट्ट्यांच्या कडांना टी-आकाराचे दात. दातांची टोकं प्रकाशाजवळ, म्हणून क्षेत्र तीव्र; पण लांबीच्या दिशेचा करंट तुटक दातांतून वाहू शकत नाही, तो मागच्या रुंद पट्टीतून जातो, म्हणून तोटा कमी. दातांमुळे लहर मंदावते, ती भरपाई सिलिकॉनऐवजी क्वार्ट्झचा पाया घेऊन केली. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात पाहिलेली ही मला सर्वांत देखणी रचना वाटते, आणि तिच्यात स्फटिकाला हातही लावलेला नाही.

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत आता असे मॉड्युलेटर विकत घेतले जातात, तेव्हा खरेदीचा कागद भरणाऱ्यांना एक सांगणं. डेटाशीटवरचा व्ही-पाय बहुधा अगदी कमी वारंवारतेला मोजलेला असतो आणि बँडविड्थ वेगळ्या ओळीत छापलेली असते. बँडविड्थच्या टोकाला तोच व्ही-पाय १.४ पट झालेला असतो. आणि विक्रेत्याने बँडविड्थ मोजताना ‘ऑप्टिकल तीन डेसिबल’ धरले असतील तर दुप्पट. ड्रायव्हर निवडताना हाच मोठा आकडा धरायचा. तुम्ही ज्या वारंवारतेला काम करणार तिथला व्ही-पाय लेखी मागा, आणि त्यासोबत वारंवारतेच्या प्रतिसादाची पूर्ण रेषा मागा, लाटांसकट.