चेंडू पायात नसताना

२,५६९. भारत आणि चायनीज तैपेई यांच्या सामन्याला अंधेरीत एवढेच प्रेक्षक आले होते. तो दिवस १ जून २०१८चा. भारत ५-० असा जिंकला, सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली आणि त्यानंतर त्याचा एक व्हिडिओ आला. टीका करा, शिव्या घाला, पण मैदानावर येऊन घाला, अशी त्याची विनवणी होती. शंभराव्या आंतरराष्ट्रीय सामन्याच्या उंबरठ्यावर असलेल्या कर्णधारावर ही वेळ यावी, हे मनाला फार लागलं. केनियाविरुद्धच्या सामन्याचं तिकीट मी त्याच दिवशी काढलं.

४ जूनला अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. तिकिटं मात्र संपली होती. मैदानात इतकं पाणी साचलं होतं की मारलेला चेंडू चार पावलांवर थबकत होता. पूर्वार्धात गोल झाला नाही.

त्या वेळात मी फक्त छेत्रीकडे बघत राहिलो. चेंडू दुसऱ्या टोकाला असला तरी त्याची मान सारखी वळत होती: आधी डावा खांदा, मग उजवा, मग पाठीमागचा डिफेंडर. दोन पावलं मागे यायचं, डिफेंडरला सोबत ओढायचं आणि तो वळेपर्यंत त्याच्या पाठीमागच्या जागेत घुसायचं. बहुतेक वेळा पास येतच नसे. मग हात वर करून पास मागायचा, परत फिरायचं आणि तीच धाव पुन्हा घ्यायची. उंच, दणकट बचावपटूंपुढे पाच फूट सात इंचांच्या माणसाला जागा अशीच कमवावी लागते. स्ट्रायकरची खरी मजुरी हीच, असं माझं ठाम मत आहे. गोल हा तिचा पगार, आणि तोही रोज मिळत नाही.

त्याची कारकीर्दही अशाच धावांची आहे. २००२ मध्ये मोहन बागान, मग फगवाड्याची जेसीटी, ईस्ट बंगाल, गोव्याचा डेम्पो. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घ्यायचं ठरवलं होतं, पण भारताचं जागतिक क्रमवारीतलं स्थान खाली असल्याने वर्क परमिट नाकारलं गेलं. अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, लिस्बनच्या स्पोर्टिंगमध्ये गेला. पण दोन्हीकडे मुख्य संघात पाय रोवता आले नाहीत. तिथून चर्चिल ब्रदर्सकडे आला आणि आय-लीग जिंकला. अखेर २०१३ मध्ये बेंगळुरू एफसीने त्याला घर दिलं. मधल्या काळात देशातली मोठमोठी नावं मिटली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, जेसीटी २०११ मध्ये. आपल्याकडचा फुटबॉलपटू खूप फिरला की तो पैशामागे धावतो, असं म्हणणाऱ्यांनी क्लबांची ही यादी जरूर वाचावी.

उत्तरार्धात, ६८व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली आणि छेत्रीने गोल केला. तीनच मिनिटांत त्याचा सहकारी जेजेचा गोल. भरपाई वेळेत छेत्री पुन्हा एकदा बचावफळीमागे सुटला, आणि या वेळी पास आला. पुढे धावत आलेल्या गोलकीपरच्या डोक्यावरून त्याने चेंडू अलगद उचलला. ३-०. माझ्या आजूबाजूचे लोक भिजलेल्या खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. सामनाभर वाया गेलेली प्रत्येक धाव त्या एका धावेमागे होती, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

६ जून २०२४ला त्याच्या निरोपाच्या सामन्यासाठी कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम भरून गेलं होतं. तोवर भारतासाठी त्याचे ९४ गोल झाले होते. निरोपाला गर्दी होतेच. खेळाडूला तिची गरज एखाद्या साध्या शुक्रवारी असते, जेव्हा समोर चायनीज तैपेई असतं आणि खुर्च्यांवर २,५६९ माणसं. कोल्हापूरकरांना हे सांगावं लागत नाही. तिथे तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं. बाकीच्यांनी आपल्या गावातल्या पुढच्या सामन्याला जावं, आणि पहिली दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त स्ट्रायकरकडे बघावं.