तीन चौकोनांच्या पलीकडची राज्यघटना

मागच्या वेळी आपण माँतेस्क्यूपाशी थांबलो होतो. आज तोच धागा धरून अमेरिकेत जाऊ.

आम्ही वर्गात अमेरिकेची राज्यघटना शिकवायचो तेव्हा फळ्यावर तीन चौकोन काढायचो. काँग्रेस कायदे करते, राष्ट्राध्यक्ष ते राबवतो, सर्वोच्च न्यायालय त्यांचा अर्थ लावतं. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत मार्कही मिळायचे. पण १७८७चा मूळ मसुदा उघडून बसलं की हे चौकोन टिकत नाहीत. 'सत्ताविभाजन' हा शब्दच त्यात नाही. राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आहे पहिल्या कलमात, म्हणजे काँग्रेसच्या घरात! न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीनं. मॅडिसननं १७८८ मध्ये हेच सांगितलं होतं: एकाचा दुसऱ्याच्या कामात थोडा हात असायला हरकत नाही, एकाची सगळी सत्ता दुसऱ्याच्या हाती जाता कामा नये.

आपल्याकडच्या मुलांची आणखी एक अडचण असते. मंत्री म्हटला की तो खासदार असणारच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तिकडे मंत्र्याला काँग्रेसचं सदस्य राहताच येत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात हा फरक फार स्वच्छ मांडलाय: तिकडची पद्धत जास्त स्थैर्य देते, आपली जास्त जबाबदारी. ते भाषण मुलांना आधी वाचायला द्यावं.

मग एक खटला घ्यावा. आम्ही १९५२चा पोलाद गिरण्यांचा घ्यायचो. कोरियात युद्ध चालू, पोलाद कामगार पगारासाठी संपाच्या तयारीत. ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हुकूम काढून गिरण्या सरकारच्या ताब्यात घेतल्या. आता निकाल न सांगता मुलांना विचारायचं, बरोबर केलं का? बहुतेक मुलं ट्रुमनच्या बाजूची. आघाडीवर सैनिक आहेत, पोलाद नको का? त्यानंतर हळूच सांगायचं की १९४७ मध्ये कामगार कायदा करताना असा अधिकार द्यावा का, हा प्रश्न काँग्रेससमोर आला होता आणि तिनं तो दिला नव्हता. वर्ग जरा गप्प होतो.

२ जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध तीन, ट्रुमनच्या विरोधात. नऊही न्यायाधीश रूझवेल्ट किंवा ट्रुमन यांनीच नेमलेले, बरं का! खुद्द ट्रुमननं नेमलेल्या चौघांपैकी दोघे विरोधात गेले. न्यायमूर्ती जॅक्सन यांचं स्वतंत्र मत तर पुनःपुन्हा वाचावं असं. ते म्हणतात, राष्ट्राध्यक्षाची ताकद ठरलेली नसते. काँग्रेस सोबत असेल तेव्हा ती सर्वांत जास्त. काँग्रेस गप्प असेल तेव्हा धूसर. तिच्या इच्छेविरुद्ध वागला तर सर्वांत कमी. म्हणजे चौकोनाची भिंत जागची हलते, शेजारचा काय करतो त्यावर. हे आमच्या आकृतीत कुठे होतं?

ट्रुमन निकालावर नाराज होते, तरी गिरण्या लगेच परत केल्या. कामगार संपावर गेले आणि संप पन्नासहून अधिक दिवस चालला. न्यायालयाकडे ना फौज, ना तिजोरी. मग युद्ध चालू असताना, हाती सगळं सैन्य असलेल्या माणसानं त्यांचं का ऐकलं? तास संपताना आम्ही हा प्रश्न फळ्यावर लिहायचो, आणि तीन चौकोन पुसून टाकायचो.