जुन्या बाकाला नवा रंग देण्यापूर्वी



जळगाव-धुळ्याहून आपण पाठवलेली जुनी बाके, टेबले, खाटा सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, शिरपूरकडच्या वसतिगृहांत पोचतात. पुष्कळदा लाकूड सागाचे, आतून खणखणीत असते. गेलेला असतो तो फक्त रंग. पहिल्या वर्षी मी पावरा मुलांच्या हाती पॉलिश पेपर दिला आणि आम्ही तो रंग कोरडाच घासला. धुळीने अंगण भरले. ती माझी चूक होती, हे नंतर कळले.

जुन्या ऑईलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगात ९० पीपीएमहून अधिक शिसे नको, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. शिशाची धूळ पोटात गेली की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही.

म्हणून आता मुलांना लांब ठेवून, एन-९५ मास्क लावून मोठी माणसेच हे काम करतात. रंग घट्ट असेल तर खरवडत नाही. सुटलेला रंग पाणी मारून वॉटर पेपरने ओलाच घासतो, जाळत नाही. गाळ ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधतो, झाडू मारत नाही. लाकूड सुकल्यावर हलणारे सांधे फेव्हिकॉलने बसवतो, भेगांत लांबी भरतो. मग प्रायमर आणि शिसेविरहित रंगाचे दोन पातळ हात.

आपणांस एकच विनंती: सामान शेवटचे कधी रंगवले, हे आठवत असेल तर चिठ्ठीवर लिहून सोबत पाठवा. त्या एका ओळीने लेकरांची काळजी घेणे आम्हांला सोपे जाईल.