खुर्ची मिळाली, आता कंबर सांभाळू या

शोकसभेत दोन शब्द बोलणे कार्यकर्त्याच्या वाट्याला येतेच. लोणी काळभोर आणि आसपासच्या वस्त्यांत गेल्या दीड-दोन वर्षांत आम्हाला अशा तीन सभांत उभे राहावे लागले. तिघेही पन्नाशीच्या आतबाहेरचे. एक बँकेत, एक रेल्वेत, एक शाळेत शिक्षक. तिघांच्याही आईवडिलांनी मोलमजुरी करून त्यांना शिकवले होते. घर बांधून झाले, मुले मार्गाला लागली, आता समाजासाठी वेळ देता येईल असे म्हणता म्हणता माणूस गेला. कारण थोड्याफार फरकाने एकच : वाढलेली साखर आणि हृदयविकार.

तिसऱ्या सभेहून परतताना आमच्या सहचारिणी म्हणाल्या, “अहो, लोकांच्या शोकसभेत भाषणं करता, स्वतःच्या पोटाकडे कधी बघणार?”

प्रश्न वर्मी लागला. दुसऱ्याच दिवशी आम्ही तपासणीला गेलो. त्यानंतरच्या चौदा महिन्यांत जे शिकलो ते समाजबांधवांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

काटा नव्हे, टेप

आमची उंची पाच फूट पाच इंच, वजन ७४ किलो. “अंगाने भरलेले आहोत, पण लठ्ठ काही नाही,” अशी आमची समजूत. डॉक्टरांनी वजनाकडे एकदा पाहिले आणि शिंप्याकडे असते तशी टेप काढली. कंबर भरली ३९ इंच. आम्ही म्हणालो, “पण आमच्या पँटचा नंबर तर ३६ आहे!” डॉक्टर हसून म्हणाले, “साहेब, पँट तुम्ही पोटाच्या खाली बांधता. पोट मोजलंय कुठं?”

रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.२ निघाली. हा आकडा ५.७ च्या आत असावा. ६.५ झाला की मधुमेह. म्हणजे आम्ही उंबरठ्यावर उभे होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. ना थकवा, ना चक्कर.

कंबर मोजायची रीत सोपी आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप धरावी, श्वास सोडून द्यावा, पोट आत ओढू नये. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी, असे मानतात. हा लेख वाचून झाल्यावर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजावी. टेप प्रत्येक घरात असते.

पुण्यातच लागलेला शोध

वजन बेताचे असूनही साखर का वाढते? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात शोधले गेले. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा काढतात, तो दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला दोघेही सडपातळ, आतून मात्र एक स्नायूंचा आणि एक चरबीचा!

हे येते कोठून, याचाही माग त्यांनी काढला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण पुण्याकडच्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू. पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. संशोधकांचे म्हणणे असे की, पोटातल्या बाळाला अपुरे पोषण मिळाले की त्याचे शरीर टंचाईला तोंड देण्याच्या तयारीने घडते. अशा शरीराला पुढे भरपूर अन्न आणि बैठे काम मिळाले, तर त्याला ते झेपत नाही. चरबी पोटात साठते आणि मधुमेह, रक्तदाब लवकर गाठतात.

हे समजले तेव्हा आम्हाला आमचे घर आठवले. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मिळालेल्या सुकडीतली अर्धी ते घरी आणत. आजी गरोदरपणातही शेवटी जेवायची, म्हणजे उरले तर जेवायची. वडिलांचे एकच स्वप्न होते : “माझ्या पोरानं खुर्चीवर बसून काम करावं.” पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या पाठीवर ओझेच होते, त्यांच्या दृष्टीने खुर्ची हे साधे लाकडी सामान नव्हते, ती माणूसपणाची खूण होती. ती खुर्ची आम्हाला मिळाली. पण तिच्यावर बसलेले शरीर उपासमारीतून आलेले आहे, हे आम्ही विसरलो. आणि सुटलेल्या पोटाला ‘सुखवस्तूपणा’ म्हणू लागलो.

खुद्द बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले, हे आपण चरित्रांतून वाचतो. त्यांना विश्रांती घ्यायला वेळ नव्हता. आपल्याला चालायला अर्धा तास नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

चहाचा जमाखर्च

आम्ही वाणिज्य शाखेचे. म्हणून आधी वही काढली आणि आठवडाभर तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहिली. जेवण फार नव्हते. चोर निघाला चहा! कार्यालयात तीन कप आणि संध्याकाळी समाजकार्याला निघालो की ज्या घरी जाऊ तिथे एक. दिवसाला सात कप, कपात दोन चमचे साखर, म्हणजे सत्तर ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम. सत्तर ग्रॅम साखरेचे उष्मांक २८०, महिन्याचे ८,४००. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. शरीराचा हिशेब वहीसारखा काटेकोर चालत नाही हे खरे, पण गळती कोठे आहे ते कळले.

चहा सोडणे कठीण नव्हते, नाही म्हणणे कठीण होते. ज्या समाजाने हॉटेलातले वेगळे कप पाहिले, त्या समाजात कोणी प्रेमाने पुढे केलेला कप परत केला तर मनाला लागते. एका घरी वहिनींनी विचारलेच, “आमच्या घरचा चहा चालत नाही का भाऊ?” तेव्हापासून आम्ही उंबऱ्यातच सांगतो, “वहिनी, चहा घेणार, पण अर्धा कप आणि बिनसाखरेचा.” पहिले पंधरा दिवस तोंड वाकडे झाले. आता गोड चहाच घशाखाली उतरत नाही.

ताट बदलले, चव नाही

आमच्या सोलापूर रस्त्यानेच पुढे उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम आहे. १९४६ साली गांधीजींच्या पुढाकाराने तो सुरू झाला. वजन उतरवायला तेथे दूरदूरची मंडळी येऊन राहतात. कारकुनाला एवढी रजा कोठून मिळणार? त्याला घरातच वाट काढली पाहिजे. त्यात सल्ले देणारे फार. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा. दुसरे तज्ज्ञ सांगतात, थोडे थोडे पण दर दोन तासांनी खा. आम्ही वादात पडलो नाही. वेळा ठरवल्या आणि मधले बिस्किट, फरसाण, वडापाव बंद केले. एका वडापावात तीनशेच्या आसपास उष्मांक असतात. अर्धा तास चालून त्याचे निम्मेही जेमतेम खर्च होतात.

ताटात पूर्वी भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी असे. आता अर्धे ताट पालेभाजी, काकडी, मुळा, टोमॅटो यांनी भरते. पाव ताटात ज्वारीची एक भाकरी किंवा वाटीभर भात. उरलेल्या पाव ताटात स्नायूंना लागणारे अन्न : मटकीची उसळ, हुलगे, घट्ट वरण, अंडी, सुकट किंवा बोंबील. हे काही परदेशी खाणे नव्हे, आपल्या आईच्या हातचेच आहे. फक्त सुकट भाजताना तेल कमी, मीठ कमी आणि रस्सा तेलात तरंगता कामा नये.

चालणे आणि उचलणे

सोलापूर रस्त्यावर मालमोटारी आणि तेलाच्या टँकरची वर्दळ अखंड असते. तेथे चालणे म्हणजे दुसरे संकट. म्हणून आम्ही पहाटे कालव्याच्या बाजूचा रस्ता धरला. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत धाप लागली. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवली. आता आठवड्यातून पाच दिवस चाळीस मिनिटे चालतो. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग ठेवतो.

चालण्याने भागत नाही. चाळिशीनंतर स्नायू झिजू लागतात आणि रक्तातली साखर वापरण्याचे मोठे काम स्नायूच करतात. म्हणून खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि बसणे दहा वेळा, भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा आणि पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातांत धरून उचलणे, एवढे आठवड्यातून तीनदा करतो. ज्या खुर्चीने पोट दिले, तीच आता व्यायामशाळा झाली आहे!

माप जाणणारा राजा

वजन उतरवण्याची एक फार जुनी हकिगत संयुत्त निकायात आहे. कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खात असे. द्रोण म्हणजे येथे पानांचा नव्हे, धान्य मोजण्याचे मोठे माप. असाच एकदा भरपेट जेवून धापा टाकत तो भगवान बुद्धांकडे आला. त्यांनी त्याला रागावले नाही, उपास सांगितला नाही. जो सजग राहून जेवणाचे माप जाणतो त्याचे त्रास कमी होतात आणि म्हातारपण सावकाश येते, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचा भात एका नाळीवर, म्हणजे लहानशा मापावर आला. शरीर हलके झाले, तेव्हा तो अंगावरून हात फिरवून तथागतांची थोरवी गाऊ लागला.

यात दोन शब्द महत्त्वाचे : ‘हळूहळू’ आणि ‘आठवण’. राजालाही आठवण करून देणारा माणूस लागला. आमच्या घरचा सुदस्सन म्हणजे आमची सातवीतली मुलगी. दुसऱ्यांदा भात घेतला की ती नुसते “बाबा!” म्हणते.

भगिनींसाठी दोन शब्द

स्त्रिया शेवटी जेवतात आणि “टाकायचं कसं?” म्हणून उरलेले संपवतात. घराची काटकसर त्यांच्या कमरेवर जमा होते. पाळी जाण्याच्या वयात पोटावरची चरबी आणखी वाढते, गुडघे बोलू लागतात. आमच्या सहचारिणींना एकटीने पहाटे बाहेर पडायचा संकोच वाटे. शेजारच्या चौघींना बोलावल्यावर तो गेला. साडीवर बूट घातले म्हणून पहिल्या आठवड्यात लोक हसले. आता हसणाऱ्यांपैकी दोघी त्यांच्याबरोबर चालतात. पुरुषांना आमचे सांगणे एवढेच की, सकाळचा चहा आपण करावा, म्हणजे त्यांना चालायला वेळ मिळेल. उरलेली भाकरीही सर्वांनी मिळून संपवावी.

आजचा हिशेब

चौदा महिन्यांत आमचे वजन ७४ वरून ६८ झाले, कंबर ३९ वरून ३६ इंच, साखरेची सरासरी ५.८. अजून मर्यादेच्या आत आलो नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. मधले तीन महिने काटा जागचा हलला नव्हता. तेव्हा धीर दिला तो चेन्नईच्या एका अभ्यासाने. डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष जाहीर केले. ज्यांनी आहार सुधारला आणि चालणे ठेवले, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले. आणि त्यांचे वजन काही फारसे उतरले नव्हते! म्हणजे काटा हलला नाही तरी श्रम वाया जात नाहीत.

एक सावधगिरी. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये, साखर एकाएकी उतरते. चालताना छातीत दुखले किंवा भलतीच धाप लागली, तर थांबून आधी तपासणी करावी. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब पाहावा.

बंधू-भगिनींनो, आपल्या बापजाद्यांनी उपाशी राहून आपल्याला इथवर आणले. त्यांना म्हातारपण पाहायला मिळाले नाही, कारण अन्न नव्हते. अन्न मिळाले म्हणून आपले म्हातारपण हुकावे, हे त्यांना कसे पटेल? जयंतीच्या आणि वर्षावासाच्या कार्यक्रमांत एका टेबलावर टेप आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवायला काय हरकत आहे? आमच्या वस्तीत आम्ही येत्या कार्यक्रमापासून हे सुरू करणार आहोत. पहिली कंबर आमचीच मोजली जाईल आणि आकडा फळ्यावर लिहिला जाईल.