जुन्या इमारतीला कोणती दुकाने जगवितात?

शहराच्या मध्यवस्तीत, चार रस्ते मिळतात अशा ठिकाणी, एखादी जुनी दगडी इमारत उभी असते. तिच्या मनोऱ्यावरचे घड्याळ बंद पडलेले असते, वरच्या मजल्यावर कबुतरांनी बिऱ्हाड केलेले असते आणि खालच्या निम्म्या गाळ्यांची कुलुपे गंजलेली असतात. एके काळी तेथे पाय ठेवावयास जागा नसे. आता ती पाडावी की राखावी, हा वाद नगरपालिकेच्या सभेत अधूनमधून रंगतो. राखावयाचे ठरले, तर डागडुजी होते, रंग लागतो, दिव्यांची रोषणाई होते, उद्घाटन होते. आणि वर्षभराने पाहावे तो गाळे पुन्हा रिकामे!

याचे कारण उघड आहे. इमारत दुरुस्त करणे हे एक काम आणि ती जिवंत करणे हे दुसरे. पहिले काम गवंडी करतो, दुसरे गिऱ्हाईक करते. नक्षीदार कमान पाहावयास माणूस वर्षातून एकदा येईल. भाजीला, औषधाला, चहाला, तुटलेल्या चपलेला टाका घालून घेण्याला तो वरचेवर येतो. म्हणून अशा इमारतीपुढचा खरा प्रश्न असतो तो हा, की गाळा कोणाला द्यावयाचा?

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे लिलाव. जो अधिक भाडे देईल त्याला गाळा. हे उत्तर वरकरणी न्यायाचे दिसते. अधिकाऱ्यावर पक्षपाताचा आरोपही येत नाही. परंतु जास्तीत जास्त भाडे कोण देऊ शकतो? ज्याच्या मालावर नफा मोठा आहे तो, किंवा ज्याची शंभर गावांत दुकाने आहेत तो. मग दर्शनी गाळ्यांत एक बँक येते, दोन मोबाइलची दुकाने येतात, एक सराफी पेढी येते. ही दुकाने वाईट नव्हेत. परंतु बँकेचे दार दुपारनंतर मिटते, मोबाइल माणूस काही वर्षांतून एकदा घेतो आणि सोने लग्नसराईत. भाजीवाली, फुलवाला, शिंपी, घड्याळजी ही मंडळी, ज्यांच्यासाठी लोक रोज उंबरठा ओलांडीत, ती लिलावात मागे पडतात. पहिल्या वर्षी भाडे भरपूर येते, पण इमारतीतला राबता आटतो. आणि राबता आटला की बँक आणि मोबाइलवालेही दुसरीकडे जागा पाहू लागतात.

हा पेच पुष्कळ देशांतील शहरांना पडलेला आहे. अमेरिकेतील दोन मंडयांनी तो दोन निराळ्या रीतींनी सोडविला. त्यांची हकिकत आपल्याकडील वाचकांना बोधप्रद वाटेल.

पहिली मंडई पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल शहराची. तिचे नाव पाइक प्लेस. तिचा जन्म कांद्यामुळे झाला म्हटले तरी चालेल. १९०६ ते १९०७ या एका वर्षात तेथे कांद्याचे भाव दहापट चढल्याचे सांगतात. शेतकऱ्याच्या हाती काही पडेना आणि गृहिणीला कांदा परवडेना. मधले दलाल मात्र गबर होत होते. तेव्हा टॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने शेतकऱ्याने आपला माल थेट विकावा अशी जागा मागितली. १७ ऑगस्ट १९०७ रोजी काही थोड्या शेतकऱ्यांच्या गाड्या तेथे येऊन उभ्या राहिल्या आणि दुपार होण्यापूर्वीच माल संपला. पुढे तेथे इमारती उठल्या.

त्यानंतर मात्र वाईट दिवस आले. तेथील शेतकऱ्यांत जपानी वंशाच्या कुटुंबांचा भरणा मोठा होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने त्यांना छावण्यांत नेऊन ठेवले आणि ओळीच्या ओळी ओस पडल्या. युद्धानंतर लोक उपनगरांत राहावयास गेले, घरोघर शीतकपाटे आली, मोठमोठी दुकाने निघाली. १९६० नंतरच्या दशकात मंडई पाडून तेथे उंच इमारती आणि मोटारतळ उभारण्याची योजना पुढे आली. व्हिक्टर स्टाइनब्रूक या वास्तुशिल्पज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला विरोध केला. नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रश्न थेट नागरिकांच्या मतास टाकण्यात आला आणि बहुमताने मंडई राखण्याचे ठरले.

येथवरची कथा इतर ठिकाणीही घडते. सिॲटलचे वेगळेपण पुढे आहे. नागरिकांनी भिंतींबरोबर त्या भिंतींच्या आत चालणारा व्यवहारही राखावयाचे ठरविले. सुमारे सात एकरांचा परिसर संरक्षित झाला आणि त्यावर बारा जणांचे एक मंडळ नेमण्यात आले. त्यात वास्तुशिल्पज्ञ आहेत, व्यापारी आहेत, जागांचे मालक आहेत आणि तेथे राहणारे रहिवासीही आहेत. नवे दुकान यावयाचे असो किंवा जुन्या दुकानाने धंदा बदलावयाचा असो, या मंडळाची संमती लागते. ताज्या अन्नपदार्थांना प्राधान्य मिळते. दुकानाचा मालक स्वतः गल्ल्यावर बसणारा असावा, अशी अपेक्षा असते. गावोगाव शाखा असलेल्या साखळी दुकानांना प्रवेश नाही. जगभर पसरलेल्या स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीचे एक दुकान १९७६ पासून तेथे आहे खरे. पण ती कंपनी त्याच शेजारात १९७१ साली एका लहानशा दुकानातून निघाली, म्हणून तो अपवाद.

शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दिवसापुरत्या जागांची व्यवस्था तर शाळेची आठवण करून देणारी आहे. रोज सकाळी हजेरी घेतली जाते आणि ज्येष्ठतेच्या क्रमाने ओट्यावरील जागा वाटल्या जातात. विकणाऱ्याने आपण स्वतः पिकविलेले किंवा स्वतः घडविलेलेच विकावे, हा दंडक आहे. शिवाय त्याच परिसरात चारशेंहून अधिक माणसे राहतात आणि त्यांत कमी उत्पन्नाचे वृद्ध पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दवाखाना आहे, वृद्धांचे केंद्र आहे, लहान मुलांना सांभाळण्याची सोयही आहे. दुकाने मिटल्यावर ज्या इमारतीच्या खिडकीत दिवा दिसतो, ती इमारत ओसाड होत नाही, हे तेथील लोकांनी ओळखले.

दुसरी मंडई पूर्व किनाऱ्यावरील बॉस्टनची, क्विन्सी मार्केट. १८२६ साली पुरी झालेली ही लांबच लांब दगडी इमारत विसाव्या शतकाच्या मध्यास मोडकळीस आली होती. बेंजामिन टॉम्प्सन या वास्तुशिल्पज्ञाने आणि जेम्स राउस या बांधकाम व्यावसायिकाने ती हाती घेतली. नगराने वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांचा पट्टा दिला आणि त्याच्या बदल्यात उत्पन्नाचा वाटा घेतला. तरीही कर्ज देणारे कचरत होते आणि गाळे भराभर उठत नव्हते. तेव्हा एक साधी युक्ती निघाली. रिकाम्या जागी लाकडी हातगाड्या उभ्या करून त्या स्थानिक कारागिरांना थोड्या मुदतीने भाड्याने देण्यात आल्या. ज्याच्याजवळ दुकान मांडण्याइतके भांडवल नव्हते, त्याला एका गाडीवर नशीब अजमावता आले. इमारतीचा ओसाडपणा झाकला गेला आणि कोणता माल खपतो हेही कळले. २६ ऑगस्ट १९७६ रोजी, बरोबर दीडशे वर्षांनी, मंडई पुन्हा उघडली आणि पहिल्या वर्षी सुमारे एक कोटी माणसे तेथे येऊन गेली.

एवढे यश मिळाल्यावर काय झाले? भाडी चढली. प्रारंभी तेथे मांस, भाजी, चीज विकणारे जुने व्यापारी होते. तयार खाद्यपदार्थांवर नफा अधिक, म्हणून हळूहळू त्यांच्या जागी खाऊची दुकाने आली. बाजूच्या इमारतींत साखळी दुकाने शिरली. टॉम्प्सन यांचा आग्रह स्थानिक, स्वतंत्र दुकानदारांचा होता. तो टिकला नाही. मंडई प्रवाशांनी गजबजली, पण गावकऱ्याला तेथे रोज जाण्याचे कारण उरले नाही. सिॲटललाही प्रवाशांची झुंबड असतेच. परंतु तेथे आजही शेजारची म्हातारी मासळी घेऊन घरी जाते. दोन्ही इमारती वाचल्या, पण एक गावाची राहिली आणि दुसरी पाहुण्यांची झाली. हा फरक वास्तुशिल्पाने पडलेला नाही. गाळेवाटपाने पडला आहे.

मग दुकानांची निवड करावी कशी? तिचे काही साधे ठोकताळे आहेत.

पहिला ठोकताळा शेजाराचा. दहा मिनिटे चालत येण्याच्या टापूत कोण राहते, कोण कामास येते, शाळा किती, कचेऱ्या किती, बसथांबा कोठे, हे आधी मोजावे. दारावरून सकाळी, दुपारी आणि सायंकाळी किती माणसे जातात, हे वही घेऊन बसले तर आठवड्याभरात कळते. शेजारच्या लोकांना कोणत्या वस्तूसाठी दूर जावे लागते, तेही विचारावे.

दुसरा ठोकताळा वारंवारतेचा. भाजी, दूध, पाव यांसाठी माणूस रोज येतो. केस कापावयास महिन्याने. साडी घ्यावयास सणासुदीला. रोजच्या वस्तूंची दुकाने माणसे खेचून आणतात आणि त्यांच्यावर प्रासंगिक वस्तूंची दुकाने जगतात. रोजच्या दुकानांना नफा कमी, म्हणून त्यांना भाडेही कमी असावे लागते. सगळ्यांना एकच दर लावणे म्हणजे विहिरीचा झराच बुजविणे होय.

तिसरा ठोकताळा मजल्यांचा आणि घड्याळाचा. रस्त्यालगतचा गाळा वाटसरूला थांबविणाऱ्या दुकानास द्यावा. डॉक्टर, वकील, शिंपी, शिकवणी, वाचनालय यांच्याकडे माणसे मुद्दाम जिना चढून जातात. त्यांना वरचा मजला पुरे. पहाटे फुले व दूध, दुपारी खाणावळ, सायंकाळी चहा व वाचनालय, अशी दिवसाची साखळी जुळली पाहिजे. खुद्द इमारतीचे म्हणणेही ऐकावे. मासळीला उताराची फरशी व गटार हवे, भटारखान्याला धुराडे हवे, आणि जुन्या लाकडी तक्तपोशीवर धान्याच्या पोत्यांची थप्पी लावून चालत नाही.

चौथा ठोकताळा भाड्याचा. ठरीव भाडे थोडे ठेवावे आणि विक्री वाढेल तसा वाटा घ्यावा. समजा, गाळ्याचे मूळ भाडे आठ हजार रुपये आणि एक लाखाच्या वरील मासिक विक्रीवर शेकडा सहा, असा करार केला. विक्री दोन लाख झाली, तर मालकाला चौदा हजार मिळतात. विक्री मंदावली, तर दुकानदार आठ हजारांत तग धरतो. दुकानदाराचे भले ते मालकाचे भले होते. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने १९६१ साली शहरांविषयीच्या आपल्या ग्रंथात हेच सूत्र निराळ्या अंगाने मांडले. नव्या इमारतीचा बांधकामखर्च भाड्यातून फेडावा लागतो, म्हणून तेथे जम बसलेला धंदाच टिकतो. जुन्या इमारतीचा खर्च केव्हाच फिटलेला असतो, म्हणून नवख्या, धडपड्या माणसाला तिचाच आसरा.

आपल्याकडे याची उदाहरणे नाहीत असे नाही. वडोदऱ्याचे खंडेराव मार्केट १९०६ साली सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत उभे राहिले. त्या वास्तूत महानगरपालिकेची कार्यालये आली आणि मागे भाजीफुलांचा बाजार राहिला. कचेरीचे काम उरकून निघालेला माणूस हाती पिशवी घेऊन घरी जातो. हैदराबादचे मोअज्जम जाही मार्केट १९३५ चे. तेथील फळांचा मोठा बाजार शहराबाहेर गेला, तरी आइस्क्रीमची जुनी दुकाने, अत्तर आणि सुका मेवा यांनी त्या दगडी कमानींखालचा राबता तुटू दिला नाही. म्हणूनच २०२० च्या ऑगस्टमध्ये डागडुजी होऊन ते लोकांपुढे आले, तेव्हा तेथे केवळ दिवे लागले नाहीत. जुनी गिऱ्हाइकेही होतीच.

आपल्या गावातील मंडईचा प्रश्न सभेत निघाला, म्हणजे नागरिकांनी रंग कोणता आणि उद्घाटनास कोण, हे अवश्य विचारावे. पण त्याआधी, ओट्यावर तीस वर्षे बसणाऱ्या भाजीवालीची जागा नव्या आराखड्यात कोठे दाखविली आहे, ते विचारावे. तिची जागा नकाशात असेल, तर बाकीचे गाळे आज ना उद्या भरतील. ती नसेल, तर मनोऱ्यावरचे घड्याळ दुरुस्त होऊन चालू लागेल, पण त्यात वेळ पाहावयास खाली कोणी असणार नाही.